झाकायचे की नाही?

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला मातीचे ढीग दिसू लागतात. चिंचवडला आता माती मिळणेसुद्धा सोपे राहिलेले नाही. मुले कुठल्या तरी नव्या बांधकामावरून ती गोणीत भरून आणतात आणि रखवालदाराची बोलणी खातात. दोन-तीन दिवाळ्यांपूर्वी त्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग करायचे ठरवले. १६६० च्या ऐन पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला, हे कारण त्यांनी मला सांगितले. भुईकोट असल्यामुळे डोंगर रचावा लागत नाही, हे खरे कारण असावे. तटाला गेरू लावला, खंदकात पाणी सोडले, बाहेरच्या मैदानात अळीव पेरले.

वसुबारसेच्या संध्याकाळी पश्चिमेला ढग जमू लागले. थोड्या वेळाने दारावरची घंटा वाजली. तिसऱ्या मजल्यावरचा नऊ वर्षांचा किल्लेदार दारात उभा होता. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले.

"आजोबा, तुम्ही ढगांचे सायंटिस्ट आहात ना? आज रात्री पाऊस पडेल का?"

मी गॅलरीत गेलो. वारा पाहिला, ढगांचे तळ पाहिले, शिवाय मोबाइलमधले रडारचे चित्रही पाहिले. मग आयुष्यभराच्या सवयीने म्हणालो, "चाळीस टक्के शक्यता आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला टक्केवारी अजून शिकवलेली नसावी, किंवा शिकवली असूनही तिचा उपयोग त्याला कळला नसावा. तो म्हणाला, "म्हणजे झाकायचा की नाही?"

मी हसलो खरा, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मला फार वर्षांपूर्वी एका माणसाने विचारला होता.

आमचे गाव चाकणपासून दोन कोसांवर. आज तिकडे गेलात तर कारखान्यांच्या निळ्या-पांढऱ्या पत्र्यांपलीकडे काही दिसत नाही. पण माझ्या लहानपणी चाकण म्हटले की कांदा, हे समीकरण साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होते. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साडेतीन एकर जमीन. विहिरीला पाणी राहिले तर उन्हाळी कांदा, नाही तर बाजरी आणि देवाचे नाव. आमच्याकडे पाऊस पाहायचा म्हणजे मावळतीला पाहायचे. तिकडे सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस कोसळतो, आणि तिथून पन्नास किलोमीटरांच्या आत आमच्या शिवारात सहा-सातशे झाला तरी लोक देवाला नारळ फोडतात. समुद्राकडून आलेली ओली हवा घाट चढताना आपले ओझे बहुतेक तिथेच टाकते आणि मग हलकी होऊन आमच्या डोक्यावरून पूर्वेला जाते. नानांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते. वस्तुस्थिती मात्र पाठ होती. रोहिणीत काय झाले, तरण्या पावसाने काय दिले आणि म्हाताऱ्याने काय बुडवले याचा पंधरा-पंधरा वर्षांचा हिशेब ते तोंडी सांगत.

१९७२ साल उजाडले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, पुण्याला कॉलेजात होतो. त्या दुष्काळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी फक्त एवढेच सांगतो, की सुट्टीत घरी गेलो तेव्हा आई आणि नाना रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, आणि दुपारी मिळालेली सुकडी आईने पदराच्या गाठीत माझ्यासाठी राखून ठेवली होती. संध्याकाळी आम्ही घराकडे निघालो. आभाळात ढग होते. काळे नव्हेत, पण चांगले भरदार. ते एकामागून एक यायचे आणि निघून जायचे. नाना मध्येच थांबले आणि वर बघून म्हणाले, "एवढं पानी डोक्यावरनं जातंय, आन् हितं थेंब न्हाय. आसं का रं?"

मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी होतो आणि मला या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते. माझ्या पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा त्या एका प्रश्नाने ठरली असे म्हणणे जरा नाटकी वाटेल. पण दुसरे काही ठरवणारे घडल्याचे मला आठवत नाही.

१९७६ साली मला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जागा मिळाली. ही संस्था १९६२ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तेव्हा ती गणेशखिंड रस्त्यावर रामदुर्ग हाऊसमध्ये होती, पुढे पाषाणला गेली. मी खोली घेतली ती वेधशाळेजवळ. पुण्याच्या वेधशाळेला जुने लोक सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ मध्ये ती कचेरी सिमल्याहून इथे आली. माझ्या पत्त्यात 'सिमला ऑफिसजवळ' असे लिहावे लागे. परिणाम असा झाला की मी हिमालयात नोकरीला लागलो अशी बातमी गावभर पसरली, आणि पहिल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा मावशीने शालीचे पैसे आधीच काढून ठेवले होते.

नानांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या पहिल्या एक-दोन वर्षांत मिळाले. तुम्हालाही सांगतो, कारण ते ऐकण्यासारखे आहे. पांढऱ्या कापसासारखा एक साधा ढग घ्या, किलोमीटरभर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच. त्यात पाणी किती असेल? सुमारे पाचशे टन. दहाटनी ट्रक पन्नास उभे करा. चाकणच्या बाजारात जेवढी रांग लागते तेवढी. हे सगळे पाणी वर तरंगते, कारण ते अतिसूक्ष्म थेंबांत वाटलेले असते. ढगातल्या थेंबाची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग. तो खाली पडतो, पण इतका सावकाश की वर चढणारी हवा त्याला सहज झेलून धरते. असे दहा लाख थेंब एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. ते एकत्र येत नाहीत, तोवर ढग म्हणजे कुलूप लावलेले कोठार.

आणखी एक गोष्ट. निव्वळ स्वच्छ हवेत ढग बनतच नाही. वाफेला थेंब होण्यासाठी बसायला पाट लागतो. धुळीचा कण, धुराचा कण, समुद्राच्या फेसातून उडालेला मिठाचा कण. मिठाचा पाट सर्वांत मानाचा, कारण मीठ हवेतले पाणी ओढून घेते. हे मी घरी समजावून सांगत होतो तेव्हा आई म्हणाली, "मंग त्यात काय? मृग लागला की माजी मिठाची बरनी वल्ली व्हती." मी म्हणालो, "बस, तेच." आईने नानांकडे असे पाहिले, की एवढ्यासाठी सरकार याला पगार देते?

बारामतीचा प्रयोग म्हणजे आईच्या बरणीचाच विस्तार होता. ढगात कण सोडून पाऊस पाडण्याचे युग १९४६ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. व्हिन्सेंट शेफरने कोरडा बर्फ वापरला, बर्नार्ड व्हॉनेगटने सिल्व्हर आयोडाइड. पण ती औषधे गोठणबिंदूच्या वर चढलेल्या थंड ढगांची. आमच्या पर्जन्यछायेतले पुष्कळ ढग तेवढे उंच जातच नाहीत. त्यांना मीठच हवे. डॉ. रमण मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली काम चाले. बारीक दळलेले मीठ, गोळे होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची भुकटी, आणि ते घेऊन ढगात शिरणारे एक जुने डाकोटा विमान. १९७३, ७४, ७६ आणि पुढे १९७९ ते ८६, असे अकरा पावसाळे हा प्रयोग झाला. शेवटची आठ वर्षे मी त्यात होतो.

विमानात बसण्याचे भाग्य मला क्वचितच लाभले. माझे काम पर्जन्यमापके तपासण्याचे. जीप, चिखल, आणि गावोगावी चहा. प्रयोगाची रीत अशी होती, की क्षेत्राचे दोन भाग करायचे, उत्तर आणि दक्षिण, मध्ये एक पट्टा मोकळा सोडायचा, आणि आज मीठ कुठे टाकायचे हे आपल्या मनाने न ठरवता दैवावर सोडायचे. ज्या भागाची पाळी येईल तिथल्या ढगांत मीठ. दुसऱ्या भागातल्या ढगांना हात लावायचा नाही. तसे केले नाही तर पडलेला पाऊस मिठाने पडला की आपोआप, हे कधीच कळणार नाही. कागदावर ही रीत निर्दोष आहे. मी आजही तिच्या बाजूने भांडेन.

पण एका दुपारी एका वस्तीवर मी मापक तपासत असताना एक म्हातारी काठी टेकत आली. तिच्या ओसरीवरून दूरचे विमान दिसले होते, आणि तिकडे थोडा शिडकावा झाल्याचेही तिला कळले होते. "आमच्यावर का न्हाय टाकलं?" तिने विचारले. मी चिठ्ठीची गोष्ट सांगितली. ही परीक्षा आहे, आजी; काही ढग तसेच ठेवावे लागतात, असे म्हणालो. तिने शांतपणे ऐकून घेतले. "परीक्षा तुमची," ती म्हणाली, "आन् नापास आमी व्हायचं." मग तिने मला ताक दिले. ते ताक मला गिळवेना. दुसऱ्या गावी तर याच्या उलट तक्रार; विमान येते आणि आमचे ढग पळवून लावते, म्हणून चार तरुण दगड घेऊन जीपपुढे उभे राहिले होते. त्यांची समजूत काढणे त्या मानाने सोपे गेले.

अकरा वर्षांचा हिशेब शेवटी मांडला गेला, तेव्हा मीठ टाकलेल्या भागात पाऊस सुमारे २४ टक्के अधिक निघाला. मला आनंद झाला होता, खोटे कशाला सांगू? पण हा आकडा अकरा पावसाळ्यांचा आहे. एखाद्या ढगाकडे, एखाद्या शेताकडे बोट दाखवून त्याचा काही उपयोग नाही. आणि ढगच आला नाही तर मीठ कुणावर शिंपडणार? दुष्काळात नेमके तेच होते. पुढे सोलापूरला २०१८ आणि १९ च्या पावसाळ्यांत नव्या साधनांनी असाच प्रयोग झाला; तिथे सरासरी वाढ १८ टक्क्यांच्या आसपास निघाली. तेव्हा मी निवृत्त होतो. आकडा वाचल्यावर मला ती ताकवाली आजी आठवली.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे सारे लिहायला बसलो.

१९८४ चा चैत्र. गावची जत्रा म्हणून मी रजा काढून घरी गेलो होतो. त्या वर्षी विहिरीने साथ दिली होती आणि नानांचा कांदा असा आला होता, की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघे. तो काढून, पातीसकट, वाळण्यासाठी वाफ्यावर पसरलेला होता. अजून दोन-तीन दिवस ऊन खाल्ले की पात कापून बराखीत भरायचा. धाकट्या बहिणीचे लग्न वैशाखात ठरले होते. ते या कांद्यावरच.

सकाळी ओसरीवर पाहुणे बसले होते. दोन मामा, आत्याचे यजमान, गावचे चार जण. नानांनी आभाळाकडे पाहिले आणि मला हाक मारली. त्यांच्या आवाजात जरा ऐट होती. मुलगा ढगांचा साहेब आहे हे पाहुण्यांना दाखवायचे होते.

"काय रं, पडंल का आज? गडी समदे कुस्त्यांच्या फडावर जानार. म्हंजे कांदा झाकायचा का न्हाय, तेवढं सांग."

मी वर पाहिले. आभाळ धुतल्यासारखे होते. वारा कोरडा. खरे उत्तर मला ठाऊक होते: वळिवाचा ढग दुपारच्या उन्हात दोन तासांत उभा राहतो, आणि तो कुणाच्या शिवारावर उभा राहील हे सकाळी कोणालाही सांगता येत नाही. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. 'सांगता येत नाही' असे म्हटले असते तर मामा हसले असते. नानांची ऐट उतरली असती, माझीही.

"नाही पडणार, नाना," मी म्हणालो. "खुशाल जत्रेला चला."

चार वाजता, शेवटची कुस्ती लागली असताना, आग्नेयेकडून धुळीची भिंत आली. नंतर गारा. सारे मिळून वीस मिनिटे झाली असतील. आम्ही धावत शेतावर पोहोचलो, तेव्हा वाफ्यांत पाणी उभे होते आणि कांदे त्यात तरंगत होते. गारांनी मारलेला कांदा वरून चांगला दिसतो, आतून सडतो. आम्ही तो वाळवला, निवडला, बराखीत भरलाही. ज्येष्ठात बराखीच्या कुडातून काळे पाणी झिरपू लागले. तो वास मला अजून कुठेही ओळखता येतो. बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे गेले.

नाना मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त एक केले; त्यानंतर मला पावसाविषयी कधीही, काहीही विचारले नाही. पुढच्या वर्षी शेजारचे पाटील माझ्यासमोर म्हणाले, "अहो, घरात एवढा शास्त्रज्ञ आहे, त्याला इचारा की!" तेव्हा नाना सावकाश उत्तरले, "त्याला नका इचारू. तो ढगांचा अभ्यास करतो, पावसाचा न्हाय." त्यात टोमणा होता की मला पाठीशी घालणे होते, हे मला अजून उमगलेले नाही. ते १९९८ मध्ये गेले. चौदा वर्षांत आम्ही बी-बियाणे, आजार, निवडणुका, नातवंडांची नावे, सगळ्यांविषयी बोललो. आभाळाविषयी नाही.

नाना गेले आणि थोड्याच वर्षांत चाकणचे रूप पालटले. औद्योगिक वसाहतीचे टप्पे एकामागून एक आखले गेले. भावाने जमीन दिली. मी सही केली. आता आमच्या कांद्याच्या वाफ्यांवर मोटारींचे सुटे भाग ठेवण्याची वखार आहे. पुतण्या जवळच्याच एका कारखान्यात चांगल्या पगारावर आहे, आणि त्याची मुले सुकडी म्हणजे काय हे कोशात पाहतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत रोज जी वाहनांची रांग लागते तिच्यात बसून कारखान्यांना शिव्या देणारे पुष्कळ भेटतात. मला ते जमत नाही. मी खडी फोडणारी आई पाहिली आहे.

पण ढगांना याचे काय वाटते, हे शोधणे माझ्या धंद्यात आलेच. २००९ पासून आमच्या संस्थेने देशभर विमाने पाठवून ढगांतले कण आणि थेंब मोजायला सुरुवात केली. ती मोजमापे वाचत बसणे हे माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांचे काम. हवेत धुराचे-धुळीचे कण जास्त असले की थेंबांची संख्या वाढते. पाणी तेवढेच, वाटेकरी जास्त, म्हणून प्रत्येक थेंब लहान. लहान थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. थेंबांची संख्या दुप्पट झाली तर पाऊस सुरू होण्यापूर्वी ढगाला तळापासून सुमारे दुप्पट उंच वाढावे लागते. म्हणजे वाफेला पाट लागतो हे खरे, पण पंगतीत पाट फार झाले की कुणाचेच पोट भरत नाही. याचा अर्थ चाकणचा धूर चाकणचा पाऊस अडवतो, असा कुणी काढू नये. ढग एका जागी बसून राहत नाही, आणि तेवढे सिद्ध झालेले नाही. दुसरीकडे हवा तापते आहे, आणि एक अंश तापलेली हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. आमच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवले, की मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाली. नानांचा पंधरा वर्षांचा तोंडी हिशेब आज त्यांच्या उपयोगी पडला नसता.

२०१२ मध्ये महाबळेश्वरला संस्थेची उंचावरची ढगांची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे विमान लागत नाही. पावसाळ्यात ढग आपल्या पायांनी खिडकीतून आत येतो. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या पावसाळ्यात मी आईला घेऊन तिथे गेलो. ऐंशी वर्षांची आई शाल गुंडाळून खिडकीशी बसली. ढग आला. तिने हात बाहेर काढला, मूठ मिटली, मूठ उघडली.

"हातात तर काईच येत न्हाय," ती म्हणाली.

"नाही येत, आई."

"पस्तीस वरसं ह्योच धंदा केला व्हय तू?" आणि थोड्या वेळाने, ओला तळहात शालीला पुसत, "ह्यास्नी आनायला पायजे व्हतं एकदा."

तर दारात तो किल्लेदार उभा होता आणि उत्तराची वाट पाहत होता.

"झाकायचा," मी म्हणालो. "चल, मीही येतो."

आम्ही प्लास्टिकचे जाड कापड शोधले, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. गुडघे कुरकुरले. सौभाग्यवती चकल्यांचा घाणा टाकून गॅलरीतून बघत होत्या. रात्री दोनदा उठून मी बाहेर पाहिले.

थेंबही पडला नाही. सकाळी कापड काढले तर आमच्याच एका विटेने ईशान्येचा बुरूज खाली बसला होता, दोन मावळे खंदकात पडले होते आणि अळिवाचे कोंब दबून पिवळे झाले होते. किल्लेदाराने कमरेवर हात ठेवून सारे नुकसान पाहिले.

"आजोबा, पाऊस पडलाच नाही."

"नाही पडला. चुकलं माझं."

त्याने काही न बोलता माती कालवायला घेतली. मी बादलीतून पाणी ओतू लागलो. बुरूज निम्मा झाला, तेव्हा पश्चिमेकडे पुन्हा थोडे ढग आले होते. त्याने मान वर करून ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"आजोबा," तो म्हणाला, "आणि आज रात्री?"